चित्रही वाचायला शिकावे लागते : अल्पसाक्षर वाचकांसाठी आरोग्याच्या सचित्र कथा

२००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरील सूचना दाखवून त्यांचा अर्थ विचारण्यात आला. त्यांतील एक सूचना अगदी साधी होती : दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडाने घ्याव्यात. ज्यांचे वाचन कच्चे होते, अशा रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के जणांनी ही सूचना बरोबर सांगितली. मात्र दिवसभरात एकूण किती गोळ्या घ्यायच्या ते प्रत्यक्ष मोजून दाखवा, असे म्हटल्यावर त्याच गटातील जेमतेम ३५ टक्के जणांना चार गोळ्या दाखवता आल्या. वाक्य बिनचूक म्हणता येणे आणि त्याप्रमाणे वागता येणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या दोन आकड्यांवरून दिसते. आरोग्याची माहिती लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कामाची सुरुवात या अंतरापासून केली पाहिजे, असे मला वाटते.

सचित्र कथा हे अंतर कमी करू शकते. परंतु चित्र काढले की ते कोणालाही आपोआप समजते, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो खरा नाही. अक्षरांप्रमाणेच चित्रांचेही काही संकेत असतात आणि ते सरावाने अंगवळणी पडलेले असतात. ज्यांना तो सराव नाही, त्यांना आपले सोपे चित्र कोड्यासारखे वाटू शकते. म्हणून चांगली आरोग्यकथा कशी घडते हे समजून घ्यायचे, तर चित्रे का उपयोगी पडतात याबरोबरच ती कोठे फसतात, हेही पाहावे लागते.

वाचक कोण आहे?

युनेस्कोच्या आकडेवारीनुसार जगात आजही ७० कोटींहून अधिक प्रौढांना साधे लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. घरातील आजारी मुलाची, म्हाताऱ्या माणसांची आणि स्वतःच्या बाळंतपणाची काळजी बहुतेक ठिकाणी स्त्रियाच वाहतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य अधिक जाणवते. पण प्रश्न केवळ निरक्षरांपुरता नाही. अमेरिकेत २००३ मध्ये झालेल्या प्रौढ साक्षरतेच्या राष्ट्रीय पाहणीत आरोग्यविषयक मजकूर समजून घेण्याची क्षमता मोजली गेली, तेव्हा ३६ टक्के प्रौढ प्राथमिक किंवा त्याहून खालच्या पातळीवर आढळले. शाळेत गेलेला, वर्तमानपत्राचे मथळे वाचणारा माणूसही तपासणीचा अहवाल हाती आल्यावर गोंधळून जातो. आजारपणात तर सगळ्यांचेच वाचन मंदावते. वेदना, भीती आणि दवाखान्यातील घाई यांमुळे डोळ्यांपुढची ओळही डोक्यात शिरत नाही.

या वाचकांना अल्पसाक्षर म्हणताना एक पथ्य पाळायला हवे. वाचनाचा सराव कमी असणे म्हणजे समज कमी असणे नव्हे. आयुष्यभर हिशेब तोंडी सांभाळणारी, ऋतूंचा अंदाज बांधणारी, भांडणतंटे सोडवणारी ही प्रौढ माणसे आहेत. त्यांच्याशी लहान मुलांशी बोलावे तसे बोलणारी पुस्तिका ती बाजूला ठेवून देतात, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नाही.

चित्र काय करते आणि कथा काय करते

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७० च्या दशकात एक सिद्धान्त मांडला. त्यानुसार शब्द आणि प्रतिमा यांची नोंद मन दोन वेगवेगळ्या, पण एकमेकींशी जोडलेल्या रीतींनी ठेवते. एखादी गोष्ट शब्दांतही ऐकली आणि चित्रातही पाहिली, तर तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या दोन वाटा तयार होतात. एक बुजली तरी दुसरी उरते. चित्रासोबत शिकलेली गोष्ट अधिक काळ लक्षात राहते, या अनुभवाचे हे एक स्पष्टीकरण आहे.

प्रत्यक्ष उपचारांत याचा काय उपयोग होतो, हे १९९६ मधील एका अमेरिकी अभ्यासातून चांगले कळते. जखमेला टाके घालून घरी जाणाऱ्या २३४ रुग्णांपैकी काहींना जखमेची काळजी घेण्याच्या सूचना केवळ मजकुरात दिल्या, तर काहींना त्याच सूचना व्यंगचित्रशैलीतील चित्रांसह दिल्या. काही दिवसांनी विचारणा केली, तेव्हा चित्रे मिळालेल्यांपैकी ९८ टक्के जणांनी कागद वाचला होता. नुसता मजकूर मिळालेल्यांत हे प्रमाण ७९ टक्के होते. जखमेविषयीच्या सर्व प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारे पहिल्या गटात ४६ टक्के आणि दुसऱ्या गटात अवघे ६ टक्के निघाले. रोजची काळजी सांगितल्याप्रमाणे घेणारे अनुक्रमे ७७ आणि ५४ टक्के होते. माहिती तीच होती, कागदही एकच होता. फरक होता तो चित्रांचा. तरीही या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर चित्रे पाहूनही निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गोष्ट चुकलीच होती, हेही नजरेआड करून चालणार नाही.

चित्र लक्ष वेधते आणि स्मरणाला आधार देते. पण सुटी चित्रे आणि कथा यांत फरक आहे. कथेत एकामागून एक घटना घडतात आणि आधीची घटना नंतरच्या घटनेचे कारण असते. अमुक केले म्हणून तमुक झाले, हा कार्यकारणसंबंध आरोग्याच्या जवळजवळ प्रत्येक सल्ल्याच्या मुळाशी असतो. सूचनांच्या यादीत तो गळून पडतो आणि कथेत तो आपसूक येतो. दुसरे असे की, कथेत माणूस दिसतो. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, आपण बरेचसे वर्तन दुसऱ्याला पाहून शिकतो आणि तो दुसरा आपल्यासारखा असेल, अडखळत का होईना पण शेवटी जमवत असेल, तर आपल्यालाही ते जमेल असा विश्वास वाढतो. पहिल्या चौकटीपासून सगळे अचूक करणारी आदर्श व्यक्ती म्हणूनच फारशी उपयोगी पडत नाही. आधी शंका घेणारी, घाबरणारी, शेजारणीचे ऐकून चुकणारी आणि मग मार्ग काढणारी व्यक्ती वाचकाला आपली वाटते.

लॅटिन अमेरिकेत छायाचित्रांच्या चौकटी आणि संवादांचे फुगे वापरून सांगितलेल्या लोकप्रिय कथांची, म्हणजे फोटोनॉव्हेलांची, मोठी परंपरा आहे. या ओळखीच्या प्रकाराचा उपयोग करून नैराश्याविषयी एक कथा तयार करण्यात आली आणि अमेरिकेत राहणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या प्रौढांमध्ये तिची तुलना मजकुराच्या साध्या पत्रकाशी करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. आजाराविषयीचे ज्ञान दोन्ही गटांत वाढले. पण उपचार घेण्याविषयी आणि औषधांविषयी मनात असलेली लाज कथा वाचणाऱ्यांमध्ये अधिक कमी झाली. म्हणजे केवळ माहिती द्यायची असेल तर नीट लिहिलेले पत्रकही पुरते. भीती, लाज किंवा गैरसमज यांच्याशी गाठ असेल, तेथे कथेची खरी गरज भासते, कारण तिच्यात वाचकाच्या मनातला आक्षेप दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून बोलला जातो आणि त्याला उत्तरही मिळते.

चित्र कोठे फसते

१९६० मध्ये विल्यम हडसन या संशोधकाने दक्षिण आफ्रिकेत केलेले प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत. त्याच्या एका चित्रात शिकारी, हरिण आणि दोघांच्या मध्ये लहान आकाराचा हत्ती होता. हत्ती लहान काढला आहे म्हणजे तो दूर आहे, असे चित्रांचा सराव असलेला माणूस क्षणात ओळखतो. तो सराव नसलेल्या अनेकांनी मात्र हत्ती शिकाऱ्याच्या जवळ आहे, असे सांगितले, आणि कागदावर तो खरोखरच जवळ होता. या प्रयोगांवर पुढे पुष्कळ टीका झाली. चित्रे फार त्रोटक होती आणि अधिक तपशील दिल्यास लोकांची उत्तरे सुधारतात, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. तेव्हा दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीचा मानण्याचे कारण नाही. खोली दाखवण्याची रीत हा एक संकेत आहे आणि तो शिकावा लागतो, एवढेच यातून घ्यायचे.

१९७६ मध्ये युनिसेफच्या सहकार्याने नेपाळच्या खेड्यांत झालेला अभ्यास आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. तेथील प्रौढांना वेगवेगळ्या शैलींतील चित्रे दाखवून त्यांत काय दिसते, हे विचारण्यात आले. माणसे, प्राणी आणि ओळखीच्या वस्तू बहुतेकांना ओळखता आल्या. पण शेजारी शेजारी मांडलेली चित्रे मिळून एक गोष्ट सांगतात आणि ती डावीकडून उजवीकडे पाहायची असतात, हे पुष्कळांच्या लक्षात आले नाही. प्रत्येक चित्र त्यांनी सुटे सुटे पाहिले. बरोबर आणि चूक दाखवणाऱ्या खुणा, बाण आणि यांसारखी इतर चिन्हेही अनेकांना निरर्थक वाटली. शिवाय फोटोमागची गर्दीची पार्श्वभूमी काढून टाकली की मुख्य वस्तू ओळखणे सोपे जाते, असेही आढळले. सचित्र कथेचा सगळा डोलारा चौकटींच्या क्रमावर उभा असतो, हे लक्षात घेतले तर क्रमाविषयीची ही नोंद किती मोलाची आहे ते कळेल.

क्रम उलटा वाचला गेला तर काय होईल? पहिल्या चौकटीत तापाने फणफणलेला माणूस, दुसरीत गोळी घेणारा आणि तिसरीत हसतमुख, अशी साधी मालिका घ्या. उर्दू किंवा अरबीसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी ज्याच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून आहे, त्याला यात धडधाकट माणूस गोळी घेऊन आजारी पडलेला दिसू शकतो. आकाराचाही असाच घोटाळा होतो. हिवतापाच्या भित्तिचित्रावर पानभर मोठा डास पाहून, आमच्याकडे एवढे मोठे डास नसतात, तेव्हा आम्हाला धोका नाही, असे म्हणणाऱ्या गावकऱ्यांची गोष्ट आरोग्यशिक्षणात वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती नेमकी कोणत्या गावची, याला महत्त्व नाही. भिंग लावल्यासारखे मोठे चित्र हा एक संकेत आहे आणि तो सर्वांना ठाऊक असतो असे गृहीत धरता येत नाही, हे ध्यानात ठेवायचे. शरीरापासून तुटलेला हात, धडावाचून डोके, पोटाचा आडवा छेद, डोक्यातून निघणारे विचारांचे बुडबुडे, हालचाल दाखवणाऱ्या रेघा, ही सगळी त्याच जातीची उदाहरणे होत.

साक्षर वाचकही यातून सुटत नाहीत. गर्भातील बाळाला अपाय करणाऱ्या काही औषधांवर अमेरिकेत गर्भवती स्त्रीच्या आकृतीवर फुली मारलेले चिन्ह वापरण्यात आले होते. गरोदर असताना हे औषध घेऊ नये, असा त्याचा अभिप्रेत अर्थ होता. चाचणीत काही स्त्रियांनी त्याचा अर्थ, हे औषध घेतल्यास गर्भ राहत नाही, असा लावला. अर्थ अजिबात न कळण्यापेक्षा उलटा कळणे किती घातक असते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

एका कथेची जुळवाजुळव

आता एखादी कथा प्रत्यक्ष कशी आकार घेते ते पाहू. समजा, क्षयरोगाच्या उपचारांविषयी बारा चौकटींची कथा करायची आहे. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर सहसा सहा महिने औषधे घ्यावी लागतात : पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने त्यांतील मुख्य औषधे. खोकला आणि ताप बहुधा काही आठवड्यांतच कमी होतात, भूक लागते, अंगात बळ येते आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेकांची औषधे सुटतात. मध्येच सोडल्यास आजार उलटू शकतो आणि जंतू औषधांना न जुमानणारे होऊ शकतात.

या विषयावर सांगण्यासारखे पुष्कळ आहे : जंतू, हवेतून होणारा प्रसार, लस, आहार, घरातील इतरांची तपासणी. कथा लिहिणाऱ्याची पहिली कसोटी ही की, यांतील बहुतेक सगळे त्याने बाहेर ठेवले पाहिजे. कथा वाचून झाल्यावर वाचकाने कोणती एक गोष्ट करावी, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. येथे ते आहे : बरे वाटू लागले तरी डॉक्टर सांगेपर्यंत औषध थांबवायचे नाही. ज्या चौकटीचा या वाक्याशी संबंध नाही, ती काढून टाकायची. तज्ज्ञ मंडळींना हे जड जाते, कारण त्यांना प्रत्येक मुद्दा महत्त्वाचा वाटतो आणि तो असतोही. पण एका कथेत तीन उपदेश कोंबले की एकही लक्षात राहत नाही.

कथेची नायिका शिवणकाम करणारी बाई आहे असे धरू. तिच्या गळ्यात कायम मोजपट्टी आणि अंगात एकाच रंगाचे कपडे, कारण चौकट बदलली तरी बाई तीच आहे हे पटकन ओळखू यायला हवे. वास्तवात माणसे कपडे बदलतात म्हणून चित्रकाराने तिला प्रत्येक चौकटीत नवे कपडे दिले, तर वाचकाला त्या वेगवेगळ्या बायका वाटण्याचा संभव असतो. पहिल्या चौकटीत ती खोकते आहे. हा खोकला दोन आठवड्यांहून जुना आहे, हे कसे दाखवायचे? दिनदर्शिका काढली तर ती वाचता येणाऱ्यालाच कळणार. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत वाढत जाणारा चंद्र खिडकीत दाखवावा, अशी कल्पना सुचते आणि ती चांगलीही आहे. मात्र तिला फक्त रात्रीच खोकला येतो, असा अर्थ कोणी लावणार नाही ना, हे वाचकांनाच विचारून पाहावे लागेल.

पुढे तपासणी होते, औषधे सुरू होतात आणि एका चौकटीत लघवीचा रंग नारिंगी-लाल झालेला पाहून ती घाबरते. ही चौकट वरवर अवांतर वाटेल, पण ती ठेवलीच पाहिजे. क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधाने लघवीला असा रंग येतो आणि तो निरुपद्रवी असतो. ज्याला हे आधी कोणी सांगितलेले नाही, तो रक्त जात आहे असे समजून गोळ्या बंद करतो. औषध न थांबवण्याच्या आपल्या एकमेव संदेशाशी ही भीती थेट जोडलेली आहे. आरोग्य कार्यकर्ती तिला धीर देते, पण हा संवाद दोन छोट्या वाक्यांत संपला पाहिजे. फुग्यात चार ओळींचा मजकूर भरला की चित्रकथेचे पुन्हा पत्रक होते. आणि ही चौकट असेल तर पुस्तिका एका रंगात छापून भागणार नाही, याचीही नोंद खर्चाचा अंदाज काढतानाच व्हायला हवी.

कथेचा कळस सातव्या-आठव्या चौकटीत येतो. नायिकेला बरे वाटते आहे, शिवणयंत्र पुन्हा चालू झाले आहे, कामाची गर्दी आहे आणि गोळ्यांचे पाकीट अर्धे भरलेले आहे. तिचा हात ते पाकीट खणात ठेवून देण्यासाठी पुढे झाला आहे. येथे चित्राने थांबावे आणि वाचकाला विचारात पाडावे. कोणी बरोबर आलेली कार्यकर्ती ही कथा गटात वाचून दाखवत असेल, तर तिने याच चौकटीवर थांबून, आता हिने काय करावे, असा प्रश्न टाकावा. त्यानंतर निघणारी चर्चा पुस्तिकेतल्या कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक काम करते. पुढच्या चौकटीत औषध अर्धवट सोडलेला एक ओळखीचा माणूस पुन्हा खोकत तिच्या दुकानात येतो आणि ती पाकीट पुन्हा बाहेर काढते.

या माणसाच्या चित्रावर लाल फुली मारण्याचा मोह चित्रकाराला होईल, तो त्याने टाळावा. कोणाला ती फुली दवाखान्याची खूण वाटेल, तर कोणाला त्या माणसाजवळ जाऊ नये असा इशारा. क्षयाच्या रुग्णांना आधीच वाळीत टाकल्यासारखे वागवले जाते. आपल्या कथेने त्यात भर घालणे अक्षम्य ठरेल. त्यापेक्षा तो पुन्हा उपचार सुरू करण्यासाठी दवाखान्याच्या दिशेने निघालेला दाखवावा. चुकलेल्यालाही परतीची वाट आहे, हे औषध सोडून बसलेल्या वाचकाला कळणे फार गरजेचे असते, कारण ती पुस्तिका नेमकी त्याच्याच हाती पडण्याची शक्यता असते.

वाचकाकडून तपासून घेणे

माझ्या मते या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग म्हणजे पूर्वचाचणी. कार्यालयातील दहा जणांना चित्रे आवडली, डॉक्टरांनी मजकूर मान्य केला, छपाईची तारीख जवळ आली, की पुस्तिका थेट छापायला जाते. ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांनी ती अद्याप पाहिलेलीच नसते.

चाचणी अवघड नसते, पण ती नीट केली पाहिजे. आधी मजकूर झाकून केवळ चित्र दाखवायचे आणि मोकळे प्रश्न विचारायचे : यात काय दिसते? ही बाई काय करते आहे? यानंतर काय होईल? समजले का, हा प्रश्न कधीच विचारू नये. समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि आपण समाधानाने परत येतो. मग मजकुरासह कथा वाचून दाखवावी आणि ती त्याने स्वतःच्या शब्दांत घरच्यांना सांगावी तशी सांगावी, अशी विनंती करावी. जेथे काही कृती करायची असेल, तेथे ती करून दाखवायला सांगावे, कारण सांगता येणे आणि करता येणे यांत फरक असतो. चित्रकाराने स्वतः हे प्रश्न विचारू नयेत. तो नकळत सुचवू लागतो किंवा आपल्या चित्राची बाजू घेऊ लागतो. थोड्या माणसांशी बोलावे, चित्रे बदलावीत आणि पुन्हा नव्या माणसांना दाखवावीत, अशा दोन-तीन फेऱ्या एकाच मोठ्या चाचणीपेक्षा अधिक फलदायी ठरतात.

किती जणांना कळले म्हणजे पुरे? सूचनाचिन्हांच्या बाबतीत याचे ठरलेले निकष आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ६७ टक्के अचूक उत्तरांची अपेक्षा ठेवली होती, तर अमेरिकेच्या मानकात ती ८५ टक्के असून धोकादायक रीतीने उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत, अशीही अट आहे. ही दुसरी अट मला अधिक शहाणपणाची वाटते. कथेच्या प्रत्येक चौकटीला इतका कडक निकष लावण्याची गरज नसते. पण औषधाची मात्रा, वेळ किंवा धोक्याची लक्षणे दाखवणाऱ्या चौकटींना तो जरूर लावावा.

चाचणीतून काय साधते, हे दक्षिण आफ्रिकेत रोझ डाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात दिसते. औषधांच्या वापराविषयीची अमेरिकेत तयार झालेली चिन्हे आणि स्थानिक लोकांशी बोलून, पुन्हा पुन्हा सुधारून काढलेली चिन्हे यांची त्यांनी खोसा भाषक अल्पसाक्षर लोकांमध्ये तुलना केली. स्थानिक चिन्हे अधिक चांगली समजली आणि लोकांना ती अधिक पसंतही पडली. दक्षिण आशियात १९९० च्या दशकात युनिसेफने मीना या लहान मुलीचे काल्पनिक पात्र घडवले, तेव्हाही हाच मार्ग धरला गेला. भारतीय ॲनिमेशनकार राम मोहन यांचा सहभाग असलेल्या या प्रकल्पात चार देशांतील मुलांना आणि पालकांना रेखाटने दाखवून, सर्वांना ती आपली वाटावी अशा बेताने तिचा चेहरा, पेहराव आणि नावही ठरवण्यात आले. नंतर ती चित्रपटांतून, चित्रकथांतून आणि तक्त्यांतून मुलींचे शिक्षण, हात धुणे, लसीकरण असे अनेक विषय घेऊन घरोघरी पोहोचली.

छापल्यानंतर

सचित्र कथा कोणाच्या तरी हातात ठेवून निघून आले की काम संपले, असे होत नाही. घरात वाचणारे कोणीच नसेल तेथे ती कार्यकर्तीने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाने वाचून दाखवावी लागते. म्हणून मजकूर मोठ्याने वाचता येईल असा, बोलण्याच्या लयीत हवा. कथा मोबाइलवर पाठवायची असेल तर पडद्यावर एका वेळी एकच चौकट दिसते. त्यामुळे क्रमाचा प्रश्न बराचसा सुटतो आणि आवाजही जोडता येतो. पण छोट्या पडद्यावर बारीक तपशील हरवतात आणि सुटी चौकट पुढे पाठवली गेली तर तिचा संदर्भ तुटतो. अर्धवट औषध सोडलेल्या माणसाची चौकट एकटीच गावभर फिरली, तर तिचा अर्थ काय लागेल याचा विचार आधीच करायला हवा. प्रत्येक चौकटीत कथेचे नाव आणि ती कोणी तयार केली हे लहान अक्षरांत छापणे, एवढी खबरदारी सहज घेता येते.

वैद्यकीय सल्लेही बदलत असतात. जलसंजीवनीच्या क्षारांचे प्रमाण २००२ मध्ये जागतिक पातळीवर बदलण्यात आले. क्षयरोगाच्या काही रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये चार महिन्यांच्या उपचारांचाही पर्याय मान्य केला. उपचारांची मुदत दाखवण्यासाठी आपण कथेत सहा पौर्णिमा काढल्या असत्या आणि ती अशा रुग्णाच्या हाती पडली असती, तर तिने त्याला चुकीची मुदत सांगितली असती. म्हणूनच संदेश महिन्यांच्या आकड्यावर न बांधता डॉक्टर सांगेपर्यंत या शब्दांवर बांधणे अधिक सुरक्षित असते. तरीही पुस्तिकेच्या मागच्या पानावर छपाईचे वर्ष आणि माहिती पुन्हा तपासण्याची मुदत ठळक छापावी, प्रती कोणत्या केंद्रांना दिल्या त्याची नोंद ठेवावी आणि सल्ला बदलला की जुन्या प्रती परत मागवाव्यात. मूळ चित्रे चौकटीगणिक सुटी जपून ठेवली, तर सगळी पुस्तिका नव्याने न काढता बदललेली चौकट तेवढी दुसरी काढता येते, आणि ती नवी चौकटही पुन्हा वाचकांना दाखवूनच छापायची असते.